कंट्रोल कुठे आहे?

अरे मुला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. तीन आठवडे रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोप नाही, डबा न उघडता परत जातो, नमुने गरगर फिरवणाऱ्या त्या सेंट्रिफ्यूजशी मोठमोठ्याने बोलतोस. आणि यावरून निष्कर्ष काय काढलास? 'मॅडम, बहुतेक मी थोडा विक्षिप्त आहे. चांगले शास्त्रज्ञ असेच असतात ना?' असा निष्कर्ष एखाद्या प्रयोगातल्या जेलच्या पट्ट्यांवरून काढून आणला असतास तर मी जे विचारलं असतं, तेच विचारते. तुलनेला ठेवलेला नमुना, म्हणजे कंट्रोल कुठे आहे?

सेंट्रिफ्यूजशी बोलण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी पीएच मीटरला शिव्या देते, आणि त्याने तो सुधारतो असा माझा अनुभव आहे. तऱ्हेवाईक माणसांना प्रयोगशाळेत जागा मिळते हे मला या धंद्यातलं मोठं सुख वाटत आलंय. त्यांना 'नीट' करायला निघालेल्यांशी मी भांडलेही आहे, पुन्हा भांडेन. पण झोप उडणं हा स्वभाव नव्हे रे.

तुझ्या डोक्यात तो इंग्लिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश बसलाय, मला माहीत आहे. १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजणारा, आणि नोकरांशी बोलायला नको म्हणून जेवणाच्या सूचना चिठ्ठीवर लिहून ठेवणारा. या अबोलपणाने विज्ञानाचं काय भलं केलं? विजेवरचे आपले बहुतेक प्रयोग त्याने छापलेच नाहीत. आपण ज्याला ओहमचा नियम म्हणतो त्याच्यापर्यंत तो ओहमच्या आधी पोचला होता, पण ते कागद भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापले. कॅव्हेंडिशला जाऊन तेव्हा एकोणसत्तर वर्षं झाली होती. शिवाय तितकेच अबोल, तितकेच जागणारे, पण ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही, त्यांची चरित्रं कोण लिहितं? म्हणजे इथेही कंट्रोल नाहीच.

त्यापेक्षा आल्फ्रेड स्टॉक लक्षात ठेव. बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडांवर, म्हणजे हायड्रोजनशी झालेल्या त्यांच्या संयुगांवर, काम करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. ही संयुगं हवा लागली की पेट घेतात, म्हणून त्याची सगळी मांडणी पाऱ्याच्या झडपांवर चालायची. वर्षानुवर्षं डोकं दुखायचं, चक्कर यायची, साध्या गोष्टी आठवेनात. दोष त्याच्या डोक्यात नव्हता, खोलीतल्या हवेत होता: पाऱ्याची वाफ. १९२६ मध्ये त्याने स्वतःचीच लक्षणं मांडून इतरांना इशारा छापला. ही वाफ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की माणूस बुजरा, चिडका, विसराळू होतो, हात कापतात. गोष्टीतला शास्त्रज्ञ हुबेहूब असाच असतो, नाही का? तेव्हा 'माझा स्वभाव' म्हणण्याआधी रक्त तपासून घे. थायरॉइड वाढलं तरी झोप उडते.

पत्रातलं एक वाक्य तू कौतुकाने लिहिलंयस: 'झोप नसली तरी मी दमत नाही, कल्पना सुचतच राहतात.' डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच वाक्य सांग. जसंच्या तसं, सारवासारव न करता. आणि औषधाने कल्पना आटतील ही भीती मला सांगू नकोस. जॉन नॅश प्रयोगशाळेतला नव्हे, गणिती. पण ज्या कामासाठी त्याला १९९४ मध्ये नोबेल मिळालं ते १९५० च्या आसपासचं. त्याचा आजार, स्किझोफ्रेनिया, उघड झाला १९५९ मध्ये. आजाराने दिलं काय आणि नेलं काय, तूच मांड.

आता माझं. माझा पहिला विद्यार्थी नायट्रोजनच्या सिलिंडरची चावी पुन्हापुन्हा बघायचा. दिवे घालवून जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. आम्ही त्याला 'अवलिया' म्हणायचो, प्रेमानेच. चहाच्या वेळी मी त्याची नक्कलही केली आहे, त्याच्यासमोर, आणि तोही हसला होता. तिसऱ्या वर्षी तो यायचा थांबला. कपाट रिकामं करताना त्याच्या नोंदवह्या हाती आल्या. प्रत्येक पानाच्या समासात बारीक अक्षरात: '११.४० बंद. ११.५२ बंद. १२.०५ बंद.' काही पानांवर असे वीस-वीस आकडे. आणि त्याच पानांखाली, 'पाहिले' असं लिहून, माझी सही.

त्याने रीडिंग घेतलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तेव्हा माझीच नोकरी कायम झाली नव्हती, ग्रँटचा अहवाल डोक्यावर होता, सहीला एका वेळी तीस-तीस पानं समोर यायची. समास कोण वाचतं? तू तरी वाचतोस का? हे मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलेय. तो पुढे उपचार घेऊन सावरला, दुसरीकडे कामाला आहे. एकदा त्याने लिहिलं होतं, 'तुमची सही असायची, त्यामुळे मला वाटायचं हे चालतं.' २०१७ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी आली. साधारण तिघांत एकाला मानसिक आजाराचा धोका दिसला, आणि तुलनेला इतर उच्चशिक्षितांचा गटही होता. म्हणजे कंट्रोल होता! मी खूश होऊन वाचत गेले, तर पुढे गाईडच्या वागणुकीशीही त्याचा संबंध निघाला. पेपर मिटून ठेवला.

तर आता ऐक. डॉक्टरांची वेळ आजच घे, उद्यावर नको. सोबत चार दिवस प्रयोगशाळेबाहेर राहा. वाढायला ठेवलेली पेशींची कल्चर कुणाला तरी सांभाळायला दे, मरेनात का. रोज लिही: किती वाजता आडवा झालास, किती झोपलास, काय खाल्लंस. बाहेर राहून झोप परत आली तर तेही कळेल, नाही आली तर तेही. वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तर कंट्रोल वगैरे सगळं बाजूला. त्याच क्षणी शेजारच्या माणसाला उठव, मला रात्री तीनला फोन कर, आणि दवाखान्यात जा. यात वाद नको.

तुझ्या गाईडला मी बोलू का, ते कळव. तू नको म्हणालास तर नाही बोलणार.

चार दिवसांची पानं मला पाठव. समासासकट.

तुझी,
मॅडम