दोराचे पैसे अडवून मुलगा थांबणार नाही

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाला वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा देऊनही हवे तेवढे गुण मिळाले नाहीत आणि आता तो एका ठेकेदाराबरोबर धरमपेठ, सिव्हिल लाइन्स भागात झाडांच्या फांद्या छाटायला जातो, असे आपण कळवले आहे. तिसऱ्यांदा नीट द्यावी की वनशास्त्राची पदवी घ्यावी, हा आपला प्रश्न आहे. मात्र पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेल्या एका वाक्याने मी अस्वस्थ झालो: त्याने हेल्मेट आणि दोरासाठी पैसे मागितले, तेव्हा 'हौस आपोआप फिटेल' म्हणून आपण ते दिले नाहीत.

हौस फिटलेली नाही, हेही आपणच लिहिता. आपल्या नकाराने एवढेच झाले की तो आता मित्राच्या जुन्या गिर्यारोहणाच्या दोरावर आणि बांधकामावरच्या सेफ्टी बेल्टवर तीस फूट उंच चढतो. नातेवाइकांत 'मुलगा लाकडे तोडतो' हे सांगताना आपल्याला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण त्या संकोचाची किंमत मुलाच्या मणक्याने चुकवावी, हे मला मुळीच मान्य नाही. धोका तसाच ठेवून मुलाला घाबरवणे हा दबावाचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

गिर्यारोहणाचा दोर पडणाऱ्याचा झटका शोषण्यासाठी ताणला जातो. झाडावर तासन्‌तास लोंबकळून काम करणाऱ्याला कमी ताणला जाणारा दोर आणि कंबर व मांड्यांना आधार देणारा हार्नेस लागतो. चेन सॉ चालवताना मुख्य दोराखेरीज पोलादी गाभ्याची दुसरी आखूड दोरीही बांधलेली हवी, म्हणजे करवतीने एक कापला गेला तरी माणूस खाली येत नाही. खाली उभ्या असलेल्या साथीदाराला जखमी माणूस उतरवता आला पाहिजे आणि जवळून तारा जात असतील, तर महावितरणने पुरवठा बंद केल्याशिवाय चढता कामा नये.

हे अडाण्याचे काम आहे, हा आपला मोठा गैरसमज आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. त्याच्या बाहेरून छाट घेतला तर झाड ती जखम हळूहळू नव्या लाकडाने झाकते, खोडालगत सपाट घेतला तर कुजण्याला वाट मिळते. जड फांदी आधी खालून थोडी कापावी लागते, अन्यथा ती तुटताना खोडाची साल सोलून नेते. शेंडा उडवलेल्या झाडाला फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असतात आणि पुढे वादळात तेच मोडतात. मुलाला हवे असलेले काटेरी बूट फक्त पाडायच्या झाडासाठी असतात, कारण जिवंत झाडावर त्यांचे प्रत्येक पाऊल जखम करते. शिवाय १९७५ च्या राज्य कायद्यानुसार शहरातील झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण आहे. सिमेंट रस्त्यांनी बुंधे आवळलेल्या आपल्या नागपुरात हे सारे जाणणाऱ्या माणसांची फार गरज आहे. 'शेंडा उडवू नका' म्हणून मुलगा ठेकेदाराशी भांडतो, अशी आपली तक्रार आहे. मला त्यात त्याची पात्रता दिसते.

वनशास्त्राची चार वर्षांची पदवी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळते, पण तिचा भर वनव्यवस्थापनावर आहे, दोरावरच्या छाटणीवर नाही. त्याला हवी असेल तर जरूर घ्यावी. तिसऱ्या नीटला माझा विरोध आहे, कारण आपल्या लांब पत्रात त्याची स्वतःची इच्छा एका ओळीतही नाही.

छाटणीचे लाकूड ठेवायला त्याने आपला हिंगणा रस्त्यावरचा रिकामा प्लॉट मागितला आहे, तो द्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. बाभूळ, चिंच यांचे ओंडके हिवाळ्यातच फोडून, जमिनीपासून उंच, फटी ठेवून रचले, तर एप्रिल-मेचे ऊन त्यांना मिळते; पावसाळ्याआधी वरून पत्रा हवा, बाजू मात्र उघड्या हव्यात, कारण ताडपत्रीत गुंडाळलेले लाकूड आतल्या ओलीने बुरसते. ओल २० टक्क्यांखाली आली की धूर कमी होतो आणि ढाबेवाल्यांकडून भावही बरा मिळतो. प्लॉटचे भाडे लावायचे असेल तर खुशाल लावा. फक्त पहिला हप्ता लाकूड विकले गेल्यावर घ्या.