वास कधी गेला आणि आजार कधी कळला, या दोन तारखा वेगळ्या ठेवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दूध करपून पातेलं काळं झालं तरी बाबा शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाक स्वच्छ आहे म्हणून सांगितलं, आणि आता चार वर्षांनी न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, म्हटलं. पातेल्याच्या जागी खोबरं घातलं की आमचीच गोष्ट.

सांगलीत आमचं किराणा दुकान होतं. शेंगदाण्याचं पोतं उघडलं की हे मूठभर दाणे नाकाशी धरायचे आणि खवट माल तिथल्या तिथं परत. २०१५ च्या दिवाळीला गिऱ्हाइकं खोबरं परत आणायला लागली. हे त्यांच्याशी भांडायचे, "कुठं येतोय वास?" मला येत होता. २०१६ मध्ये 'नाकाचं हाड वाकडं आहे' म्हणून ऑपरेशन झालं. श्वास मोकळा झाला, वास काही आला नाही, आणि आम्ही तो विषय सोडून दिला. सही बारीक व्हायला लागली, चालताना उजवा हात हलेना, ते २०२१ मध्ये. निदान त्याच वर्षी नोव्हेंबरात.

तुम्ही विचारलंय की गोळ्या सुरू झाल्यावर वास परत येईल का. नाही येत. लिवोडोपा या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधानं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची उणीव भरून निघते, हातपाय सुटतात, पण वासाची भानगड त्या उणिवेमुळे झालेलीच नसते. नाकाकडून आलेला वास मेंदूत जिथं पहिल्यांदा पोचतो, तिथं अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या फार आधीपासून साठायला लागतात. ब्राक या जर्मन संशोधकांनी २००३ मध्ये हे मांडलं. म्हणून हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो, आणि जातो तोही इतका हळूहळू की माणसाला स्वतःला पत्ता नसतो. पार्किन्सन्सच्या दहातल्या नऊ जणांचा वास कमी झालेला असतो म्हणतात. पण उलट बाजू विसरू नका: वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स होत नाही. वय, जुनी सर्दी, कोविड, डोक्याला मार, कारणं ढीगभर आहेत. हे वाक्य मीच विसरले, ते मला पुढं अडीच लाखांना पडलं.

झालं असं. ऑगस्ट २०२२ मध्ये हे न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. रात्री अकराला भरती केलं. केस पेपर लिहायला एक तरुण डॉक्टर आला. पार्किन्सन्स किती वर्षं, म्हणाला. तोवर मी या आजाराबद्दल बरंच वाचलेलं, आणि वाचलेलं बोलून दाखवायची खोड. मी म्हटलं, "निदान आत्ता झालंय हो, पण खरं तर सहा वर्षांपासून असणार, वास तेव्हाच गेला होता." त्यानं लिहिलं, 'पार्किन्सन्स, सहा वर्षांपासून'. बास. तीन शब्द. तेच डिस्चार्ज कार्डावर उतरलं. मी वाचलंसुद्धा नाही, बिल बघत होते.

आमची मेडिक्लेम पॉलिसी डिसेंबर २०२० ची. कॅशलेस नाकारलं, नंतर क्लेमही नाकारला. कारण असं की पडले ते पार्किन्सन्समुळे, पार्किन्सन्स २०१६ पासून, म्हणजे पॉलिसीआधीचा, आणि आम्ही तो लपवला. इतकी वर्षं ह्यांच्या नाकाचं रडगाणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. ते पहिल्यांदा गांभीर्यानं घेतलं विमा कंपनीनं!

त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथं सहा फेऱ्या झाल्या. दर वेळी खिडकीवर नवा मुलगा, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि दर वेळी उत्तर एकच, "मॅडम, हॉस्पिटलनंच लिहिलंय ना?" हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेलं तर, "डिस्चार्ज झाल्यावर बदलता येत नाही, आणि सांगितलं तर तुम्हीच ना?" दोघांचंही खरंच होतं म्हणा. ह्यांना वॉकरवर सोडून मी त्या बाकावर बसायचे, याचा राग अजून जात नाही.

शेवटी मार्ग दाखवला आमच्या न्यूरोलॉजिस्टनी. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं की पार्किन्सन्सचं निदान पहिल्यांदा नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, आणि नुसता वास जाणं म्हणजे निदान नव्हे. २०१५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत हालचाल मंदावणं आणि जोडीला कंप किंवा ताठरपणा हे आधी लागतं. वास जाणं ही दुय्यम, निदानाला बळ देणारी गोष्ट. दुसरा मुद्दा आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, व्याख्येचा. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ठरावीक मुदतीत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर सल्ला-उपचार झालेले आहेत असा. तेव्हा ती मुदत ४८ महिने होती, २०२४ पासून ३६ आहे. आमचं नाकाचं ऑपरेशन त्याच्याही आधीचं, आणि ते आम्ही प्रपोजल फॉर्मात लिहिलेलं होतं. एजंट म्हणत होता, "कशाला लिहिताय, किरकोळ आहे." ह्यांनी हट्टानं लिहिलं. एजंटांबद्दल माझं मत इथं लिहिण्यासारखं नाही.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, तिथून नकार आल्यावर पुण्याच्या बीमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. फी नाही. वकील चालत नाही, स्वतःच बोलायचं. कंपनीच्या शेवटच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं, तेवढं विसरू नका. सुनावणी व्हिडिओवर झाली. निकाल आमच्या बाजूनं लागला आणि पैसे मिळाले, पडल्यापासून चौदा महिन्यांनी. मधल्या काळात मुलीच्या नावची एफडी मोडली होती. तिचं व्याज कोण देणार?

आता कृपा करून उलटा अर्थ काढू नका. डॉक्टरांपासून काही लपवा असं मी म्हणत नाही. वास कधी गेला, बद्धकोष्ठता कधीपासून, झोपेत हातपाय झाडतात का, सगळं सांगा, त्यांना ते लागतं. फक्त कागदावर दोन ओळी वेगळ्या हव्यात: 'वास येत नाही, अंदाजे अमुक वर्षं' आणि 'पार्किन्सन्सचं निदान, अमुक महिना'. निदानाच्या तारखेचं पत्र आजच मागून ठेवा. भरती करताना तोंडी न सांगता तेच पत्र पुढं करा, आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की बिलाआधी ते वाचा. मी डॉक्टर नाही, वकील तर नाहीच. तुमच्या पॉलिसीची कलमं वेगळी असतील.

गॅसचं तुम्ही लिहिलंच नाहीये, म्हणून सांगते. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात, आणि बाबांना नेमकं तेच कळणार नाही. डिटेक्टर बसवून घ्या. आमच्या इलेक्ट्रिशियननं तो छताजवळ ठोकला होता. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो. डिटेक्टर जमिनीपासून वीतभर वर हवा. (पाइपचा गॅस असेल तर उलट, तो हलका असतो, वर लावायचा.) गळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

जेवणात मीठ वाढवून मागतील. चव लागत नाही म्हणतात, ते बहुतेक वास नसल्यामुळे. आम्ही मीठ न वाढवता लिंबू, मिरची आणि कुरकुरीत काहीतरी वाढवलं, वरणासोबत भाजलेला पापड वगैरे. वजनावर लक्ष असू द्या.

वासाचा व्यायाम म्हणून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगतात. आम्ही तीन महिने केला. लवंग थोडी कळते असं हे म्हणतात, मला ते मन राखायला वाटतं. अपाय काही नाही, करून बघा. चाळीस वासांची अमेरिकी चाचणीही असते, पण तिच्यात रूट बिअर आणि डिल पिकलसुद्धा आहे. सांगलीच्या माणसानं ते ओळखलं नाही तर दोष नाकाचा का?

बाबांची पॉलिसी कोणत्या साली घेतली आणि नाकाच्या डॉक्टरांकडे कधी गेलात, हे पोस्टमध्ये नाही. या दोन्ही तारखा आज रात्रीच काढून बघा, आणि इथं लिहा.