टीएसएम (आयबीएमचं बॅकअप सॉफ्टवेअर) क्लायंटमध्ये एक्सक्लूड (वगळा) लिहूनही होम डिरेक्टरीतल्या डॉट-ओ (कंपायलरनं बनवलेल्या) फाइल्सचा बॅकअप का जातो?

तुमची एक्सक्लूडची ओळ इन्क्लूडच्या (बॅकअपमध्ये घ्या) ओळीच्या वर आहे, ती खाली न्या. टीएसएमचा क्लायंट, म्हणजे तुमच्या मशीनवरचा त्याचा प्रोग्राम, इन्क्लूड-एक्सक्लूडच्या ओळींची यादी खालून वर वाचतो आणि जी ओळ आधी जुळेल तिथेच थांबतो. तुमच्या फाइलमध्ये अख्ख्या होमचं इन्क्लूड शेवटी आहे, त्यामुळे वरच्या एक्सक्लूडपर्यंत गाडी पोचतच नाही. इथे नागपुरात कॉलेजच्या लॅबमधली युनिक्स वर्कस्टेशन्स मी सांभाळतो, त्यात हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. वरून खाली वाचायची आपली सवय, दुसरं काय! बदल केल्यावर 'डीएसएमसी क्वेरी इन्क्लएक्सक्ल' (dsmc query inclexcl) ही कमांड चालवा. ओळी ज्या क्रमाने तपासल्या जातात त्याच क्रमाने दिसतात, आणि कोणती ओळ कुठून आली तेही शेजारी लिहिलेलं असतं. तिथे 'सर्व्हर' दिसलं तर ती ओळ ॲडमिननं तिकडून लादलेली आहे, तुमच्या फाइलला ती जुमानणार नाही. शेड्युलर (ठरल्या वेळी बॅकअप चालवणारा प्रोग्राम) एकदा बंद करून चालू करा, नाहीतर रात्री जुन्याच सेटिंगनं बॅकअप होईल.

अख्खी डिरेक्टरी वगळणाऱ्या 'एक्सक्लूड डॉट डिर'ला (exclude.dir) मात्र हा क्रम लागू नाही. ते आधीच तपासलं जातं, आणि त्यानं वगळलेली डिरेक्टरी कुठल्याही इन्क्लूडनं परत येत नाही.