फ्लायव्हील किती हलकं करावं?

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. १९६५ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची आहे. मूळ फ्लायव्हील (इंजिनाच्या मुख्य दांड्याला जोडलेली जड चकती) लेथवर कातून हलकं करू का? क्लच कोणता घालू?

उत्तर : फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं असेल तर कृपा करून फार कातू नका. जास्त आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ते फुटलं, तर तुकडे पायांपर्यंत येतात. शर्यतीसाठी पोलादीच घ्या. वजन कडेचं कमी झालेलं हवं. जडत्व त्रिज्येच्या वर्गानुसार वाढतं, म्हणून मध्यभागी घासून फारसं हाती लागत नाही. मग क्रँकशाफ्टसकट (इंजिनाच्या मुख्य दांड्यासकट) बॅलन्स करून घ्या. रस्त्यावरही चालवणार असाल तर क्लचची ऑरगॅनिक (तंतू आणि राळेच्या अस्तराची) प्लेटच बरी, सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेली) झटक्याने पकडते. आणि हो, एमजीबीचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग) कार्बनचं असतं, दाबून धरलं की घासून झिजतं. रांगेत थांबताना क्लच दाबून ठेवू नका, न्यूट्रल करा.