वाचकांचे प्रश्न : हॉटेलातील खोली आणि घराची पश्चिम भिंत

प्रश्न : भाचीच्या लग्नानिमित्त वर्धा रोडवरील एका पंचतारांकित हॉटेलात आमचा मुक्काम होता. लॉबी दोन मजले उंच. पण खोलीचे दार उघडताच छत एकदम खाली आलेले आणि चार पावलांवर पुन्हा वर गेलेले. एवढ्या महागड्या खोलीत ही काटकसर कशासाठी? बेसा येथे आमच्या बंगल्याचे काम सुरू आहे. मुलाला त्याच हॉटेलसारखी, पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत आणि सगळीकडे इटालियन मार्बल हवे आहे. आपला सल्ला काय?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ती काटकसर नव्हे. त्या खाली आलेल्या छताच्या पोटात खोली थंड करणारे यंत्र लपवलेले असते. चिलर प्लांटमधून, म्हणजे सगळ्या हॉटेलासाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेतून, आलेले थंड पाणी त्यातील कॉइलमधून (नळीच्या वेटोळ्यांतून) फिरते, मागचा पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि छताच्या उभ्या कडेत बसवलेल्या जाळीतून ती पलंगाच्या दिशेने येते. स्नानगृहही बहुधा दारापासच्या त्याच कमी उंचीच्या बोळाला लागून असते. शेजारशेजारच्या दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधली, की दोन्हींच्या नळांना एकच शाफ्ट, म्हणजे नळ वरखाली नेणारी उभी पोकळी, पुरतो, आणि त्याचे दार कॉरिडॉरमध्ये ठेवले तर पाहुण्याची झोप न मोडता प्लंबरला गळती काढता येते. पाहुण्याला दिसू नये म्हणून केलेल्या अशा कामावर चांगल्या हॉटेलात जितका विचार झालेला असतो, तितका झुंबरावर क्वचितच होतो.

उंच लॉबीचेही तसेच आहे. गरम हवा वर जात असल्यामुळे माणसे बसतात तेवढाच खालचा थर थंड ठेवला तरी भागते. मात्र वर काचेचे छत असेल, तर नागपूरच्या उन्हात हा हिशेब पार कोलमडतो. प्रवेशाशी एकामागे एक दोन दारे असतात, तीही पहिले मिटल्यावरच दुसरे उघडावे आणि बाहेरची झळ आत येऊ नये म्हणून.

आता काचेच्या भिंतीविषयी. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. दुपारनंतर मात्र तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर थेट येते आणि तिथे कोणताही छज्जा कामाचा नाही. दुहेरी काच लावली तरी उष्णता कमी होते, थांबत नाही; हॉटेल ती विजेच्या बिलात भरून काढते, आपण का काढावी? पश्चिमेला जिना, कोठीघर किंवा स्नानगृह ठेवावे आणि मुलाची हौस उत्तरेच्या भिंतीवर पुरवावी.

मार्बलबाबत संत्र्याच्या गावात तरी सावध राहावे. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने संत्र्याचा किंवा लिंबाचा रस सांडला, की आम्लामुळे पॉलिश खाल्ले जाऊन तेथे निस्तेज खूण उमटते. तो डाग नसून पृष्ठभागच झिजलेला असतो, म्हणून कितीही घासले तरी जात नाही. तो भाग पुन्हा पॉलिश करावा लागतो. त्यासाठी हॉटेलात कायमची माणसे नेमलेली असतात. बैठकीत मार्बल जरूर वापरावे, पण ओटा आणि जेवणाची जागा यांसाठी ग्रॅनाइटच बरे.

प्रश्न : मुंबईचे ताजमहाल हॉटेल चुकून उलटे बांधले गेले आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, हे खरे का?
— वास्तुकलेची एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य इमारत पुरी होण्याआधीच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. मूळ प्रवेश शहराच्या बाजूला, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे, होता; गाड्या तिकडूनच येत आणि समुद्राकडची बाजू खोल्यांना मिळे. हॉटेल 1903 साली उघडले, तर गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पूर्ण झाला. त्यामुळे ‘गेटवेकडे पाठ केली’ हा आक्षेप मुळातच टिकत नाही. हे हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांनी 1877 साली आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली होती, आणि येथील कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रे त्यांनी तिथे बसवली होती.