गाडीला नाव देण्याआधी

हर्णै

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी बंदरावर होतो. लिलावाच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही. एवढं कळलं की पिकअप दारात आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवून झाली आणि आता काचेवर रेडियममध्ये काय नाव टाकायचं यावरून घरात तीन मतं पडली आहेत. चुलत्याला कुलदैवताचं हवं, आईला भाचीचं, आणि तुला काहीतरी दणदणीत. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहितो.

एवढ्यात नाव टाकू नकोस. एक आंब्याचा सीझन आणि एक पावसाळा तरी जाऊ दे.

मी पहिली पिकअप घेतली तेव्हा त्याच आठवड्यात दापोलीला जाऊन काचेवर 'सागरसम्राट' लिहून घेतलं होतं. नाव वाईट नव्हतं. पण दोन वर्षांत एका माणसाने त्या नावाने हाक मारली नाही. बंदरावर तिला 'ती पांढरी' म्हणत, आणि पांढऱ्या पिकअप तिथे कमी नव्हत्या. हर्णैला होडीतली मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जातात, तू पाहिल्या आहेस. त्या गाडीवानांकडे नीट बघ. गाडीला कोणी नाव देत नाही, बैलांना देतात. लाट आली की ज्याला हाक मारून पुढे काढायचं, त्याला नाव. काचेवरच्या अक्षरांना कोणी हाक मारत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं.

दुसरी गाडी घेतली ती 'टिटवी'. ते नाव मी दिलं नाही. तिच्या फॅन बेल्टची पुली झिजलेली होती. बेल्ट नवा टाकला तरी पाऊस लागला किंवा खारं पाणी उडालं की तो घसरायचा, आणि पहाटे स्टार्टर मारला की पहिली दोन मिनिटं ओरडायचा. लिलावाला पाटी घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीने एके दिवशी मान वर न करता म्हटलं, "आली बघा टिटवी." संध्याकाळपर्यंत बर्फवाला, हमाल, चहावाला, सगळ्यांच्या तोंडी टिटवी.

माझ्या आईला ते अजिबात रुचलं नाही. रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की काहीतरी वाईट घडतं, असं मानणाऱ्यांतली ती. गाडीला असलं नाव लागलेलं तिला सोसेना. मला म्हणाली, आवाज बंद कर नाहीतर गाडी विक. मी पुली बदलणार होतो, पण सीझन चालू होता, गाडी चार दिवस उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. राहिलं ते राहिलं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. तू तेव्हा लहान नव्हतास, तुला आठवत असेल. माड आणि पोफळी आगरंच्या आगरं झोपली. पत्रे उडाले, कौलांचा चुरा झाला, खांब आडवे झाल्यामुळे वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. आपल्याकडे विहिरीला पाणी असतं, पण ते वर चढतं विजेच्या पंपावर. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी किती रहाट ओढायचा? आम्ही तिघांनी एक जनरेटर मिळवला, टिटवीच्या हौद्यात दोरखंडाने आवळून बांधला आणि वाडी-वाडीने फिरायला लागलो. एका विहिरीवर थांबायचं, पंपाची वायर जोडायची, आसपासच्या घरांच्या टाक्या भरल्या की पुढे. मोबाईल बंद होते, त्यामुळे कोणाला आधी कळवायची सोय नव्हती. पण पाऊस सुरू झाला होता, बेल्ट ओला होता, आणि पाखाडीच्या खालून आवाज आला की बायका हंडे-कळशा घेऊन बाहेर येत, कोणीतरी पंपाची केबल मोकळी करून तयार राही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी घरी जेवायला आलो तर आई पडवीतून शेजारच्या पोराला सांगत होती, "पळ, वरच्या घरी सांग, टिटवी आलीय म्हणून." तिने ते नाव पहिल्यांदा घेतलं. मी काही बोललो नाही, ताट वाढून घेतलं.

पुढच्या वर्षी पुली बदलली, ओरडणं थांबलं. नाव तसंच आहे. आता वाडीतली लहान पोरं विचारतात, हिला टिटवी का म्हणतात? त्यांनी तो आवाज कधी ऐकलेलाच नाही. त्यांना मी सगळं सांगतो. तूही सांगत जा, कारण नाव टिकतं आणि त्यामागची गोष्ट मात्र हरवते. एक वही ठेव. डिझेल, खेपा, हप्ते लिहिशील त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिही, नाव कोणी दिलं, कुठे, कोणत्या दिवशी.

लोक नाव देतात ते असंच देतात. टाटा एस २००५ मध्ये आली. कंपनीच्या कागदावर काहीही असो, रस्त्यावर ती 'छोटा हत्ती' झाली. एसटी १९४८ मध्ये सुरू झाली आणि आज माणसं तिला मायेने 'लाल परी' म्हणतात.

पण लोकांनी दिलं म्हणून प्रत्येक नाव घ्यायचं नसतं, हेही लिहितो. इथल्या एकाचा पाय अपघातात अधू झाला. बंदरावरच्या टवाळांनी त्याच्या गाडीला 'लंगडी' म्हणायला सुरुवात केली. तो हसून सोडून द्यायचा. मी मात्र त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की आपण त्या गाडीला 'सुवर्णा' म्हणायचं, समोर सुवर्णदुर्ग दिसतो म्हणून. महिनाभर जाणूनबुजून म्हणत राहिलो, आणि जुनं नाव मागे पडलं. तुझ्या गाडीला कोणी असं नाव ठेवलं, ज्यात एखाद्याचं व्यंग आहे, जात आहे, कोणाची बायको-मुलगी आहे, तर पहिल्याच दिवशी तोड. नंतर ते निघत नाही.

आता भाचीच्या नावाचं. आईचं मन मोडू नकोस, पण एक ऐक. माझ्या एका मित्राने मागच्या फाळक्यावर मुलीचं नाव लिहून घेतलं होतं, मोठ्या वळणदार अक्षरात, बाजूला दोन कमळं. पुढे दोन सीझन वाईट गेले, हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. वर्षभराने आम्ही दोघं खेडला गेलो होतो, तर स्टेशनबाहेर तीच गाडी उभी. रंग तोच, कमळं तीच, मुलीचं नाव तसंच. हौद्यात खडी भरलेली होती आणि फाळका आपटून आपटून नावाचं पहिलं अक्षर उडालं होतं. तो खाली उतरला, उरलेल्या अक्षरांवरून हात फिरवला आणि परत येऊन बसला. दापोली येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून मी नाव फळीवर लिहून घेतो. होडीवाल्यांच्या घरी जुन्या होडीची नावाची फळी जपून ठेवलेली असते, तसं. फळी केबिनच्या वर, हौद्याच्या पुढच्या जाळीला चार बोल्टांनी आवळायची. गाडी विकायची वेळ आली की बोल्ट सोडायचे, फळी घरी. 'सागरसम्राट' मी खरवडून काढलं तेव्हा काचेला ओरखडे पडले होते.

रेडियमचा पट्टा काचेवर रुंद लावू नकोस, रात्री घाटात समोरच्या दिव्यांनी दिसायचं बंद होतं. नंबर प्लेटवर तर एक अक्षरही नको. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती सरकारी प्लेट कंपनीकडूनच येते, तिच्यावर काहीही चिकटवलंस तर दंड होईल.

धंद्यात नावाचा उपयोग होतो, नाही कशाला म्हणू? वाशीच्या मार्केटात एप्रिलमध्ये एमएच-०८ च्या किती गाड्या लागलेल्या असतात, ते तू बघशीलच. तिथे नंबर कोणाच्या लक्षात राहत नाही. बागायतदार मला विचारतात, "टिटवी आज किती वाजता निघेल?" पण तेच बागायतदार हेही म्हणतात की अमक्या खेपेच्या पेट्या दबल्या होत्या, टिटवीतून आल्या होत्या. एकदा मी ताडपत्री घट्ट आवळली, थरांमध्ये वारा खेळायला जागा ठेवली नाही, आणि दुपारी निघालो. खालच्या थरातला आंबा उबला. पुढचा अख्खा सीझन ते ऐकून घेतलं. म्हणून हापूस भरशील तेव्हा पेंढा भरपूर घाल, पेट्यांमध्ये फट ठेव, ऊन कलल्यावर नीघ. एकदा नाव लागलं की चूक गाडीवाल्याच्या नव्हे, त्या नावाच्या खात्यावर लिहिली जाते, आणि ते खातं फार वर्षं मिटत नाही.

तर आता काच मोकळी ठेव. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा मलाही वेळ असतो. फणसाची एक जुनी फळी माझ्याकडे आहे, रंधून ठेवतो. दापोलीचे पेंटर अजून हाताने लिहितात. खडूची दोरी मारून रेघ आखतात, मग अक्षर, आणि ते सुकल्यावर सावली. दुपारनंतर त्यांचा हात थरथरतो, तेव्हा सकाळीच जावं लागेल. पावसाळा संपेपर्यंत कोणी काही हाक मारायला लागलं तर बघू, नाही लागलं तर फळी पडवीत उभी राहील, तिला काही होत नाही.

येताना मागच्या डाव्या चाकातली हवा तपासून ये. तू पाठवलेल्या फोटोत ते मला बसल्यासारखं वाटलं. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका