कपिंग शिकताय? कोर्सवाल्यांना आधी हे विचारा

फिजिओथेरपीची पदवी आहे, शरीररचना पक्की आहे, मग व्हिडिओ बघून कपिंग (कातडीवर कप बसवून आतली हवा काढायची, म्हणजे कातडी वर ओढली जाते) शिकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कप बसवायला व्हिडिओ पुरतो. ओढ किती द्यायची हे मात्र जाणकाराच्या नजरेखाली हात बसल्याशिवाय कळत नाही.

कोर्स निवडताना एकच विचारा: कपिंग कुणाला करायचं नाही, यावर किती वेळ देता? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), पायाच्या शिरेत गुठळीची शंका, स्टेरॉइडने पापडासारखी झालेली कातडी, मधुमेहाने बधिर झालेले पाय, हे सगळं तिथे यायलाच हवं. सोरायसिसचं तर आवर्जून विचारा. त्यात कातडीला इजा झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. हा भाग अर्ध्या तासात उरकणारा कोर्स सरळ सोडा.

सरावाला हातपंपाचे प्लास्टिकचे कप घ्या. ओढ बेताबेताने वाढवता येते, झडप उचलली की लगेच सुटते. जाळ लावायच्या काचेच्या कपांत भाजण्याचा धोका असतो, आणि आपल्या कामाला त्यांची गरजही नाही. पहिला कप स्वतःच्या मांडीवर, अर्धाच पंप, दोन-तीन मिनिटं. कातडी आधी गुलाबी होते, मग बारीक लाल ठिपके उमटतात. सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, तिथे पेशंटला विचारत राहा. ताण जाणवला तर ठीक. जळजळ, टोचणी किंवा मुंग्या आल्या की कप काढा. काढताना ओढू नका, पंपाच्या कपाची झडप उचला, सिलिकॉनचा असेल तर कडेची कातडी बोटाने दाबून हवा आत जाऊ द्या. एका जागी पाच-दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, फोड येतात.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसले ते डाग म्हणजे बारीक केशवाहिन्या फुटून कातडीखाली साकळलेलं रक्त. 'विषारी द्रव्यं बाहेर येतात' असं शिकवणाऱ्याकडे फी भरू नका. डाग पडतील हे पेशंटला आधीच सांगा, लेखी संमती घ्या. मानदुखी-कंबरदुखीत थोडा काळ आराम मिळतो, तोही पुरावा तसा कच्चाच. त्या आरामात व्यायाम करून घ्यायचा, एवढाच माझ्या लेखी कपिंगचा उपयोग.

चिरा देऊन रक्त काढायचं वेट कपिंग या टप्प्यावर नकोच. त्यात हिपॅटायटिस बीसारख्या संसर्गाची जोखीम आहे, आणि ते तुमच्या परवान्यात बसतं का हेही आधी बघावं लागेल.